जावयाबरोबर कोरडी बुडी

आमच्या मखमलाबादेत पोहायला शिकवत नाहीत, विहिरीत ढकलतात. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या चुलत्याच्या हातात. डब्याशिवाय वर आलात की शिकलात. मी तसाच शिकलो. पुढे पुराच्या दिवसांत, दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला असताना, पुलावरून गंगेत उड्या मारण्यापर्यंत मजल गेली. बाकीचं जग जिला गोदावरी म्हणतं तिला आम्ही नाशिककर गंगा म्हणतो. त्या गंगेत पोहलेल्या माणसाला वाटतं, की पाण्याबद्दल आता आपल्याला कोणी काही शिकवायचं उरलेलं नाही. मलाही तसंच वाटत होतं. मग मला जावई मिळाला.

जावयाचं नाव कॅलम. आमची मंजू शिकायला स्कॉटलंडला गेली आणि तिथलाच नवरा पसंत करून आली. लग्न मात्र इकडे, आमच्या मळ्यात, आमच्याच शेवंतीच्या माळा लावून झालं. मुलगा उंच, लालगोरा, शांत. काम काय, तर लोकांना समुद्रात खोल बुडी मारायला शिकवणं. भावकीने नाव ऐकून त्याचं 'कमलाकर' करून टाकलं. काम ऐकून आमचे एक चुलते म्हणाले, "म्हणजे रामकुंडात पोरं पैशे शोधाया बुडत्यात, तसं?" मी म्हटलं, तसंच, पण पगारी.

लग्नात आमच्या बायकांनी जावयांना वाढून वाढून बेजार केलं. मिसळीच्या दिवशी तर एकामागून एक तीन प्लेटा झाल्या. घाम टिपत ते दर वेळी म्हणायचे, "गुड, व्हेरी गुड," आणि आमची मंडळी खूश होऊन आणखी रस्सा ओतायची. मीही त्यांच्याशी एवढंच बोलायचो. "स्लीप गुड?" "व्हेरी गुड." "फूड गुड?" "व्हेरी गुड." पुढे तीन वर्षं फोनवर हाच संवाद. आमच्याकडे जावई म्हणजे मानाचा माणूस. त्याला नाराजी दाखवायची नाही, त्याच्या घरच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हे मी पाळत होतो. पण माणूस आतून कसा आहे ते काही कळत नव्हतं, आणि ते मला टोचायचं. एकुलत्या एका मुलीचा नवरा, आणि त्याच्याबद्दल मला ठाऊक काय, तर त्याला सगळं व्हेरी गुड वाटतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मंजूने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. लग्नसराईच्या फुलांचं धाकट्या भावावर सोपवलं. निघायच्या आधी मंजूची आई त्र्यंबकेश्वरला जाऊन आली, गुरुजींनी दिलेला लाल दोरा तिने माझ्या डाव्या मनगटावर बांधला आणि बजावलं, "घरी परत येईस्तोवर सोडायचा नाय." मी कशाला सोडतोय?

खाडीकाठचं घर

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाय सुजले आणि उतरलो. ग्लासगोहून मंजूच्या गाडीने डोंगरातून निघालो. डोंगर असे, की श्रावणातला त्र्यंबकचा रस्ता कोणी उचलून इथे ठेवलाय, फक्त माकडं आणि भक्तमंडळी काढून घेतलीत. मग एकदम खाली पाणी दिसलं. समुद्राची लांबच लांब जीभ डोंगरात शिरलेली. तिला ते लोक लॉक म्हणतात, आम्ही खाडी म्हणू. तिच्या काठावर जावयांचं दगडी घर होतं.

पहिल्या रात्री मी अर्धपोटी उठलो. जेवायला मासा, उकडलेले बटाटे आणि वाटाणे होते. कॅलमरावांनी विचारलं, आणखी हवं का? मी रीतीप्रमाणे "नो, नो" म्हटलं आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो. त्यांनी मान डोलावली आणि भांडं उचलून आत नेलं! आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे फक्त सुरुवात असते, खरं जेवण तिसऱ्या 'नको'नंतर. मंजूच्या आईचीही तीच गत झाली. मग आम्ही दोघांनी खोलीचं दार लावून बॅगेतला चिवडा काढला आणि आवाज न करता चावत बसलो. चिवडा आवाज न करता खाणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

सकाळी मंजूने कचऱ्याच्या डब्यात चिवड्याची पिशवी बघितली आणि तिच्या सगळं लक्षात आलं. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, भूक लागली होती तर सांगायचं ना त्याला."

"जावयाच्या घरी पहिल्याच दिवशी मागून खाऊ?"

"तुम्ही दोघं सारखेच आहात. तीन वर्षं गुड, व्हेरी गुड, आणि खरं काय ते दोघंही मला येऊन सांगता. मला तुमच्या दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून जन्म काढायचा नाहीये." तिचा आवाज थोडा चढला, मग ती हसली. "कॅलम तुम्हाला बुडी मारायला शिकवणार आहे. विहिरीच्या सगळ्या गोष्टी मी त्याला सांगितल्यात. इथे पाण्याखाली एक कडा आहे, त्याच्यावर शेवंतीचा मळा फुललाय. फुलं नाहीत ती, प्राणी आहेत, पण बघितल्यावर तुम्ही भाव विचाराल. जा त्याच्याबरोबर. तिथे खाली मी भाषांतराला येणार नाही."

एवढं ऐकल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं. शेवंतीत माझं आयुष्य गेलं आहे. आणि खरं सांगायचं तर शेवंतीपेक्षाही मला त्या माणसाबरोबर कुठेतरी जायचं होतं, जिथे मंजू मध्ये नसेल.

गोधडी आणि रबर

आधी डॉक्टरांनी छाती, कान, रक्तदाब असं सगळं बघून कागदावर सही दिली. मग कपडे आले. तिथलं पाणी मे महिन्यातही असं थंड, की आपण पोहायला उतरतो तसं उतरलं तर माणूस गारठून जाईल. म्हणून ते लोक पाण्यात कोरडे राहतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. आधी अंगात एक गोधडीसारखा जाड पायजमा-सदरा, अखंड. त्याच्यावर पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एक जाड पोशाख, त्यालाच बूट चिकटवलेले. मानेला आणि मनगटांना पातळ रबराच्या पट्ट्या, इतक्या घट्ट की थेंब आत जाऊ नये. वर तोंड सोडून डोक्याला टोपी, आणि डोळे-नाक झाकणारा रबरी चष्मा.

मनगटाच्या रबरातून हात जाईना. कॅलमरावांनी पावडर लावली, तरी जाईना. मंजूची आई बाजूला उभी राहून बघत होती, तिला राहवलं नाही. "कासारापुढं बसल्यावानी हात करा की! अंगठा आत घ्या," म्हणत तिने माझा पंजा दाबून चोळामोळा केला आणि हात सपकन आत गेला. कॅलमरावांनी तिच्याकडून ती युक्ती शिकून घेतली. आता म्हणे ते सगळ्या शिष्यांना बांगड्या भरायला लावतात.

मानेच्या रबरातून डोकं बाहेर काढताना मात्र मला पुन्हा जन्म घेतल्यासारखं झालं. पोशाखाची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. ती आपली आपल्याला लावता येत नाही, दुसऱ्यानेच लावायची. मग मानेच्या रबरात बोट घालून उकिडवं बसायचं, म्हणजे आतली हवा फुस्स करून बाहेर जाते. हे आधी त्यांनी करून दाखवलं. सासरा आणि जावई समोरासमोर, गळ्यात बोट घालून, उठाबशा काढताहेत! मंजूच्या आईने पदर तोंडात धरला, पण हसू काही थांबलं नाही.

पहिला धडा तालुक्याच्या गावातल्या, छताखालच्या पोहण्याच्या तलावात झाला. छातीवर एक बटण असतं, ते दाबलं की पाठीवरच्या टाकीतली हवा पोशाखात येते. डाव्या दंडावर झडप असते, कोपर वर केलं की हवा निघून जाते. खोल जाऊ तसं पाणी चहूबाजूंनी पोशाख आवळतं, म्हणून थोडी थोडी हवा घेत जायचं. हे सगळं मंजूने मराठीत समजावलं, मी मान डोलावली, आणि पाण्यात उतरल्यावर जन्माच्या सवयीने खाली डोकं वर पाय करून सूर मारला.

पोशाखातली सगळी हवा माझ्या पायांत गेली. पाय फुगले आणि वर निघाले, डोकं खाली राहिलं. मी कितीही हातपाय झाडले तरी वटवाघळासारखा उलटाच. शेवटी कॅलमरावांनी मला दोन्ही घोट्यांना धरून पलटवलं. वर आलो तेव्हा ते गंभीर चेहरा करून बसले होते. "ओके?" त्यांनी विचारलं. "व्हेरी गुड," मी म्हणालो, आणि नाकातलं पाणी शिंकरलं. सूर मारायचा नाही, पाय जमिनीकडे ठेवायचे, हवा पायात गेलीच तर गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची, हे शिकायला मला तीन दिवस लागले. गंगेचा पोहणारा पुन्हा बालवाडीत बसला.

खाडीत

मग खरी खाडी. सकाळी आभाळ राखाडी होतं आणि पाणी त्याहून राखाडी. मंजूची आई नऊवारीवर जावयांचा गुडघ्यापर्यंत येणारा कोट घालून, पायात लोकरी मोजे चढवून, हातात चहाचा थर्मास घेऊन काठावरच्या दगडावर बसली. जाणारा-येणारा प्रत्येक जण तिला गुड मॉर्निंग म्हणायचा आणि ती प्रत्येकाला "बसा" म्हणायची.

पाण्यात उतरायच्या आधी कॅलमरावांनी खुणा पुन्हा घोटून घेतल्या. अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे वर जायचं. पंजा आडवा धरून डुलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग ज्या ठिकाणी बिघडलंय तिथे बोट दाखवायचं. "पाण्याखाली मी सारखं विचारणार," ते म्हणाले, "आणि तुम्ही खरं सांगायचं." मग त्यांनी विचारलं, "मनगटावर घड्याळ वगैरे काही नाही ना?"

घड्याळ नव्हतं, पण लाल दोरा होता. मंजूची आई समोर बसलेली. सोडायचा म्हटलं तर ती रुसणार, आणि का सोडायचा नाही ते जावयांना माझ्या इंग्रजीत सांगायचं म्हणजे दुपार होणार. इवलासा तर दोरा. मी पाठ फिरवून तो बोटाने रबराच्या खाली सरकवला, वर हातमोजा चढवला आणि कडं करून दाखवलं.

पहिली काही मिनिटं फार सुंदर होती. पाणी हिरवं, बाटलीच्या काचेतून बघावं तसं. खाली रेती, त्यात एक चपटा मासा डोळे वर करून पडलेला. आणि अंग कोरडं! एवढ्या गार पाण्यात मी गोधडीत बसल्यासारखा ऊबदार होतो. आपल्याकडे पाण्यात उतरला की माणूस पाण्याचा होतो. इथे पाणी हातभर लांब ठेवून त्याच्या घरात फिरायचं. हे मला फारच आवडलं.

मग डाव्या मनगटापाशी काहीतरी गार सरकलं. दोऱ्याने रबराला बारीकशी वाट करून दिली होती. थेंब थेंब करत पाणी कोपरापर्यंत आलं. कॅलमरावांनी वळून खूण केली, ठीक? मी कडं केलं. पाणी काखेत आलं, आणि ते पाणी काय होतं म्हणून सांगू, जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या थंडीची आठवण यावी. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा कडं केलं. त्यांचा पोशाख, त्यांनी प्रेमाने दिलेला. तो गळतोय असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पाणी बरगड्यांवरून कमरेत उतरलं होतं, माझे दात हवेच्या नळीवर कडकड वाजत होते, आणि मी तिसऱ्यांदा कडं केलं. या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, अंगठा वर केला आणि मला दंडाला धरून वर घेऊन आले.

काठावर त्यांनी चेन उघडली, माझा डावा हात बाहेर काढला आणि बाही उलटी केली. तांब्याभर पाणी भळकन दगडावर पडलं. त्यांनी माझ्या मनगटावरचा दोरा बघितला आणि त्यांचा लालगोरा चेहरा नुसता लाल झाला.

"तुम्ही मला तीन वेळा ठीक म्हणून सांगितलंत," ते म्हणाले.

मंजू मध्ये पडायला लागली तसा त्यांनी हात वर केला. "नको मंजू. त्यांना कळतंय." आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले, "पाणी शिरलं, त्याचं काही नाही. माझ्याही पोशाखात शिरतं. पण खाली मला तुमचा आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. तुमचा हात तेवढा दिसतो. तोच खोटं बोलणार असेल, तर मी तुम्हाला कड्यापर्यंत नेऊ शकत नाही."

सगळं कळलं मला. एकही शब्द अडला नाही.

पाणी झटकलेला सासरा

मला राग आला. आमच्या सात पिढ्यांत जावयाने सासऱ्याला असं काठावर उभं करून झापलेलं नाही. मंजूची आई कोटात हात घालून पुढे पुढे चालत होती. घरी मंजूने गरम सूप दिलं. मसुराची आमटीच ती, फक्त फोडणी द्यायला विसरलेली. मी रागाने दोन वाट्या प्यालो.

पण ऊब आली तसा राग उतरला आणि एक गंमत लक्षात आली. तीन वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच माझ्याशी गुड आणि व्हेरी गुडच्या पलीकडचं काही बोलला होता. चिडला होता, आणि चिडला तो माझी काळजी वाटली म्हणून. माझा चुलता विहिरीवर दोर हातात धरून असाच ओरडायचा.

तिकडे मे महिन्यात जेवणं उरकली तरी ऊन असतं. कॅलमराव घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होते. दोघांचे पोशाख गोड्या पाण्याने धुऊन टांगले होते, डोकं नसलेली दोन माणसं शेजारी शेजारी. मी आत गेलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मी फार थंड झालो होतो. मला भीती वाटली. तुमच्या पोशाखाला नाव ठेवायचं नव्हतं. आणि पहिल्या दिवशी मला भूक लागली होती.

ते एवढे हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग माझं मनगट हातात घेऊन त्यांनी विचारलं, हा दोरा कसला? मी सांगायचा प्रयत्न केला. देव, बायको, परत जाईपर्यंत. ते गंभीर झाले. "मग सोडायचा नाही," ते म्हणाले. "पण मग कडाही नाही." आम्ही दोघंही दोऱ्याकडे बघत बसलो, आणि उपाय काही सुचेना.

मंजूची आई चहा घेऊन आली. आम्हाला तसे बसलेले बघून तिने काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं.

"आत्तां!" ती म्हणाली. "मग दंडात बांधते की. माझ्या आज्याचा ताईत दंडातच असायचा. सोडायचा नाय म्हंजी फेकायचा नाय, एवढंच. मला इचारलं का कुणी?"

कोणीच विचारलं नव्हतं. तिने कमरेच्या पिशवीतून त्र्यंबकहून आणलेल्या दोऱ्याचा उरलेला गुंडा काढला, मनगटावरचा दोरा सोडून त्याला जोडला आणि माझ्या उजव्या दंडात बांधला. डाव्या दंडावर झडप असते हे तिच्या बरोबर लक्षात होतं. मग जावयांकडे वळून म्हणाली, "तुमचाबी दंड आणा हिकडं." त्यांनी मुकाट्याने बाही वर केली.

कडा

दोन दिवसांनी ऊन पडलं आणि आम्ही बोटीने कड्यापाशी गेलो. चेन त्यांनी माझी लावली, मी त्यांची. आतली हवा काढायला उठाबशा काढल्या. बोटीतल्या खांबाला धरून बसलेली मंजूची आई म्हणाली, "हात खरं बोलू द्या हं."

बोटीतून खाली सोडलेल्या दोरीला धरून उतरायला लागलो. मनगट कोरडं, काख कोरडी. पण थोडं खाली गेल्यावर उजव्या कानात सुई टोचल्यासारखी कळ आली. नाक दाबून फुंकर मारली की डावा कान मोकळा व्हायचा, उजवा नाही. आणि त्याच वेळी खाली मला कड्याची काळी कड दिसली, तिच्यावर पांढरे ठिपके. आणखी थोडंसंच. कॅलमरावांनी विचारलं, ठीक?

माझा अंगठा तर्जनीला टेकलाच होता. खोटं सांगितलं तर शेवंतीचा मळा, खरं सांगितलं तर कदाचित परत बोटीत. दंडावर दोरा आवळल्यासारखा वाटला. मी पंजा आडवा केला, डुलवला आणि कानाकडे बोट दाखवलं.

त्यांनी लगेच माझा हात धरला आणि हातभर वर नेलं. थांबलो. नाक दाबून फुंकर. नाही. आणखी थोडं वर. फुंकर. नाही. त्यांनी विचारलं, मी पुन्हा पंजा डुलवला, मनातल्या मनात शेवंतीला रामराम केला. त्यांनी घाई केली नाही. दोरीला एका हाताने लोंबकळत, जणू आम्ही फूलबाजारात टेम्पोची वाट बघतोय असे निवांत थांबले. मान तिरकी करून दाखवली, मीही केली, फुंकर मारली, आणि कानात किर्र आवाज होऊन सगळं मोकळं झालं. मी कडं केलं. ते खरं होतं. त्यांनीही कडं केलं, आणि चष्म्याच्या काचेमागे त्यांचे डोळे हसलेले मला स्पष्ट दिसले.

मग कडा आला. त्याचं वर्णन करायला मी लेखक नाही, फुलवाला आहे, म्हणून फुलवाल्यासारखंच सांगतो. उभ्या काळ्या भिंतीवर, हात पुरेल तिथपर्यंत, पांढरी शेवंती फुलली होती. जाड देठ, वर पाकळ्यांचा गच्च झुबका. मधूनच केशरी वाफा, आमच्या दसऱ्याच्या झेंडूच्या रंगाचा. पाण्याच्या झुळकीबरोबर सगळा मळा एकदम एका बाजूला कलायचा. त्यांच्या मुळांशी बारीक पायांचे तारामासे एकमेकांच्या अंगावर लोळत होते. माझा हात आपोआप पुढे गेला, खुडायला. कॅलमरावांनी बोट हलवलं, नाही. मी हात मागे घेतला, पण माझ्या हाताने ढवळलेलं पाणी एका फुलाला लागलं असावं. त्याने सावकाश पाकळ्या मिटून घेतल्या आणि नुसता गोळा होऊन बसलं. मी त्याच्यासमोर हात जोडले. पाण्याखाली हसू आलं की चष्म्यात पाणी शिरतं, हेही त्या दिवशी शिकलो.

आम्ही शेजारी शेजारी तरंगत किती वेळ बघत होतो कोण जाणे. दोघांपैकी कोणी काही बोलू शकत नव्हतं, आणि मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. त्या माणसाबरोबर मला बरं वाटत होतं, अगदी मनापासून.

पुन्हा मखमलाबाद

दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं असतं, म्हणून मंजू आणि कॅलमराव भर उन्हाळ्यात मळ्यात आले. विहीर बघून त्यांनी आधी झडप कुठे, दोर कुठे अशी चौकशी केली आणि मग साधी चड्डी घालून मुटका मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या भावकीला मिसळीचं बोलावणं होतं. पडवीत पंगत बसली. लालभडक तर्री, फरसाण, पाव, कांदा, लिंबू. जावयांच्या डाव्या हाताला मंजू, समोर मी. चुलती रश्शाचं पातेलं घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी. पहिली प्लेट झाली. "गुड?" चुलतीने विचारलं. "व्हेरी गुड," ते म्हणाले. कानशिलांवरून घाम ओघळत होता, नाक लाल झालं होतं. चुलतीने पळी बुडवली.

मी समोरून बघत होतो. का कोण जाणे, माझा हात वर झाला आणि मी अंगठा-तर्जनीचं कडं केलं. ठीक?

त्यांनीही हात वर केला. बोटं जवळ आली. मग त्यांनी चुलतीकडे बघितलं, पळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि बोटं सोडून पंजा आडवा केला, डुलवला. मग जिभेकडे बोट दाखवलं. मग पोटाकडे.

मी ताडकन उठलो. "थांबा, थांबा! पळी वर घ्या! दही आणा कोणीतरी, आधी दही!"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मंजूची आई दह्याचं सट धरून दारातच थबकली. "अगं बया," ती म्हणाली. "मग लग्नात तीन प्लेटा खाल्ल्या, त्या?"

कॅलमरावांनी दह्याचा मोठा घोट घेतला, डोळे मिटून गिळला.

"लग्नात पण," ते मराठीत म्हणाले.

मंजू त्यांच्या शेजारीच बसली होती, पण दुभाषी म्हणून तिची कोणाला गरज पडली नव्हती. तिने पावाचा तुकडा मोडला आणि खाली मान घालून खात राहिली.